महाग स्पीकर, घुमणारा डग्गा

श्रोतेहो, लाखभर रुपयांचे स्पीकर हौसेनं आणायचे आणि शोकेसच्या दोन बाजूंना, कोपऱ्यांत कोंबायचे! मग तबल्याचा डग्गा नुसता घुमत राहतो. दोष स्पीकरचा नसतो. खर्जाचा आवाज खोक्याच्या मागेही पसरतो, भिंतीवर आपटून परततो. कोपऱ्यात तर दोन भिंती मिळून तो अधिकच फुगवतात. म्हणून स्पीकर दोन-तीन फूट पुढे ओढा. घरात कुरबुर होईल, होऊ द्या. दोन स्पीकरमध्ये जितकं अंतर, साधारण तितक्याच अंतरावर आपली खुर्ची. बारीक स्वरांचा ट्वीटर कानाच्या उंचीला. समोर उघडी फरशी असेल तर सतरंजी अंथरा. आता डोळे मिटून ऐका. गायिका दोहोंच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही, तिथे बसल्यासारखी वाटेल. नाही वाटली, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्यात का, ते आधी पाहा.