काजूचें बोंड आणि गोव्याची फेणी

काजूची बी विकावी व बोंड टाकून द्यावें, हा कोंकणांतील बहुतेक बागाइतदारांचा रिवाज आहे. गोव्यांत त्याच बोंडास मोल येतें. तेथें पिकून गळालेलीं बोंडें वेंचतात, तुडवून रस काढतात व तो आंबवून भट्टीवर चढवितात. एकदां गाळली म्हणजे हुर्राक, पुन्हां गाळली म्हणजे फेणी. २००९ सालीं काजूफेणीस भौगोलिक मानांकन मिळालें. तें नांव इतरत्र झालेल्या मालास लावतां येत नाहीं. मद्यपानाचा पुरस्कार आम्हांस करावयाचा नाहीं. परंतु बोंड दिवसाभरांत नासूं लागतें. म्हणून गांवांतच रस काढण्याची सोय केली, तर सरबतापुरतें तरी तें उपयोगी पडेल. बागाइतदार बंधूंनीं याचा अवश्य विचार करावा.