पन्नास पौंडांचा कॅमेरा, पावणेपाच लाख छिद्रे

बेताच्या पैशांत चलच्चित्राचा कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न मुंबईला सव्वाशे वर्षे पडत आला आहे. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. पण खरेदीचा धडा घ्यावा तो दादासाहेब फाळक्यांकडून.

१९१२ च्या फेब्रुवारीत विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फाळके लंडनला गेले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांना ते जाऊन भेटले. त्यांच्या मदतीने सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, यंत्रांची माहिती करून घेतली आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा ५० पौंडांना घेतला. सोबत कोडॅकची कच्ची फिल्म आणि परफोरेटर, म्हणजे फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्रही मागवले. कॅमेऱ्याबरोबर त्याच्या गोतावळ्यावरही खर्च होतो, हे त्यांनी ओळखले होते.

ही छिद्रे म्हणजे चित्रपटाचा कणाच. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रे असतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. म्हणजे चौकटी ५९,२००, आणि एकट्या निगेटिव्हची छिद्रे जवळपास पावणेपाच लाख! दादरच्या घरी अंधारात बसून ही छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. त्यात हात चुकून चालत नसे. फिल्मवरचे जेमतेम २५ मिलिमीटर रुंदीचे चित्र पाच मीटरच्या पडद्यावर दोनशे पट मोठे होते. छिद्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके सरकले, तरी पडद्यावर चित्र दोन सेंटिमीटर हलते.

मोठ्या चित्रपटाला हात घालण्याआधी फाळक्यांनी छोटा प्रयोग केला. कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची थोड्या थोड्या काळाने एकेक चौकट टिपली आणि कित्येक दिवसांची वाढ मिनिटभरात उलगडून दाखवली. ही ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

पुढे छिद्रे गेली आणि चुंबकीय फीत आली. १९९५ मध्ये बाजारात आलेल्या डीव्ही पद्धतीची मिनी कॅसेट हे लहानसे नवलच होते. फितीची रुंदी सव्वासहा मिलिमीटरच्या जरा वर. कॅमेऱ्यातला ढोल सेकंदाला १५० फेरे घेई आणि त्यावरची दोन हेड फितीवर सेकंदाला ३०० तिरक्या रेघा ओढीत. प्रत्येक रेघ १० मायक्रॉनची, केसाहूनही कितीतरी बारीक. वातानुकूलित हॉलमधून कॅमेरा पावसाळी हवेत आणला, की ढोलावर दव धरे, फीत चिकटण्याची भीती निर्माण होई आणि कॅमेरा इशारा देऊन काम थांबवी. मुंबईकरांना हे नेहमीचेच होते.

आताचे कॅमकॉर्डर मेमरी कार्डावर लिहितात. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत असा कॅमेरा घ्यायचा तो बहुधा स्नेहसंमेलन, साखरपुडा आणि गणपतीसाठी. मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात मागच्या रांगेतून आपले मूल टिपायचे असेल, तर खोक्यावरच्या डिजिटल झूमच्या आकड्याला भुलू नये. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे सरकतात आणि तपशील टिकतो. डिजिटल झूम आहे तेच चित्र कापून फुगवतो. सेन्सर मोठा असेल आणि भिंग उजेड जास्त घेणारे असेल, तर मंद प्रकाशात चित्रात दाणे कमी येतात.

दुसरी गोष्ट विजेची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या चोकवरच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. न्यू जर्सीच्या मावशीने आणलेला कॅमेरा ६० हर्ट्झच्या हिशेबाने चालत असेल, तर सत्यनारायणाच्या पूजेत चित्रभर लुकलुक दिसते. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवता आले, तर ती बरीच आटोक्यात येते. कॅमेरा घेताना ही सोय, तसेच सेकंदाला २५ किंवा ५० चौकटींची निवड आहे का, ते विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट आवाजाची. बाहेरचा माइक जोडायची खाच नसेल, तर पंख्याची घरघर आणि शेजारच्यांच्या गप्पाच आधी ऐकू येतात.

कार्डाचा हिशेबही सोपा आहे. सेकंदाला २४ मेगाबिट दराने तासाभराचे चित्रण सुमारे ११ जीबी होते. ३२ जीबीच्या कार्डात तीन तासही भरत नाहीत. म्हणून हातात असतील त्यांतले तीन चतुर्थांश पैसे कॅमेऱ्याला द्यावेत आणि उरलेल्यात तिवई, माइक, जादा बॅटरी आणि साठवणीची हार्ड डिस्क बसवावी. सगळी रक्कम कॅमेऱ्यात घातली, तर साखरपुड्याच्या ऐन वेळी बॅटरी संपते आणि दुसरी नसते.