अडकलेली चावी

दिवाळीनंतर गावी गेलो होतो. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडळात. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि गॅरेजात दखनी, अशी आमच्याकडची रीत.

संध्याकाळी कापूस भरून आमचा छोटा ट्रक अंगणात उभा होता. पहाटे आदिलाबादच्या मार्केट यार्डात पोचायचं होतं. गाडी जरा पुढे घ्यावी म्हणून चावी फिरवली, तर ती अर्ध्यातच अडकली. पुढे जाईना, मागे येईना.

कापूसवाल्यांना एका रात्रीची किंमत ठाऊक असते. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कमी होतो आणि १२ च्या वर गेला की माल घेतच नाहीत. त्यात आमच्याकडची थंडी आणि दव! मी पकड घेऊन आलो. बाबा म्हणाले, "चावी तुटली तं कापूस काय डोक्यावर नेशील?"

शेवटी शेजारच्या मिस्त्री चाचांना बोलावलं. त्यांनी आधी माझ्या हातातली पकड काढून घेतली. "जबरदस्ती नक्को, बाबू. पहले देखो कौन पकड के रखा."

त्यांनी स्टिअरिंग धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवलं आणि त्याच वेळी चावी मागे वळवली. खट्! चावी बाहेर आली. चाकं वळलेली असताना गाडी उभी केली की स्टिअरिंग लॉकच्या खिळीवर ताण येतो. अशा वेळी चावीवर कितीही जोर लावला तरी उपयोग नसतो. आधी तो ताण काढावा लागतो.

पण चावीला काळा चिकट लगदा लागला होता. कुलपाच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात आणि प्रत्येकीला बारीक स्प्रिंग असते. चावीच्या खाचा जुळल्या की साऱ्या पट्ट्या एका रेषेत येतात आणि कुलूप फिरतं. एक पट्टी जरी अडकली तरी सगळं अडतं. तिथे हा लगदा कुठून आला? गेल्या वर्षी कुलूप जड फिरतं म्हणून मीच त्यात इंजिन ऑइल सोडलं होतं. त्यावर वर्षभर धूळ आणि कापसाची तुसं बसत गेली.

चाचांनी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, कुलपात इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट साफ करायचा स्प्रे मारला, चावी हळूहळू आत-बाहेर केली. दरवेळी चावी पुसली. चिंधी काळी होत गेली. स्प्रे पेट घेणारा असतो, म्हणून तो पूर्ण वाळेपर्यंत तार जोडली नाही. मग पुतणीच्या पेन्सिलीचं शिसं चावीवर घासलं. शिशात ग्राफाइट असतं. ते कोरडं वंगण आहे, त्याला धूळ चिकटत नाही. मात्र त्यातून वीज वाहते, म्हणून अगदी चिमूटभरच वापरायचं.

आणखी एक चूक सापडली. आमची रोजची चावी झिजलेल्या चावीवरून काढलेली नक्कल होती, म्हणजे झीजसुद्धा नकलेत उतरलेली. देव्हाऱ्याजवळच्या डब्यातली कंपनीची मूळ चावी आणली आणि कुलूप लोण्यासारखं फिरलं. चावीला लटकवलेला घराच्या किल्ल्यांचा जुडगाही आईने काढून ठेवला. त्या वजनानेही कुलूप झिजतं.

मित्रांनो, हे आमच्या जुन्या गाडीपुरतं. नव्या गाड्यांच्या चावीत चिप असते, स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते. तिथे घरी खोलाखोली करू नका.

पहाटे निघालो. यार्डात मीटरवरचा आकडा १२ च्या आत दिसला तेव्हा बाबांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

चाचांचा तो ‘नक्को’ मुळात आपला मराठी ‘नको’. दखनीने तो कधीच आपलासा केला. माझ्या कानात मात्र तो त्या रात्री पहिल्यांदा नीट शिरला.