गावाच्या मालकीचा पब : ब्रिटिश ग्रामजीवनातील सहकाराचा एक प्रयोग

प्रास्ताविक

‘पब’ हा शब्द उच्चारताच महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर मुंबई-पुण्यातील रात्री उशिरापर्यंत चालणारी, मोठ्या आवाजातील संगीताची आणि खिसा भरलेल्या तरुणांची जागा उभी राहते. इंग्लंड-वेल्सच्या खेड्यांतील पब मात्र याहून मूलतः वेगळा आहे. ‘पब्लिक हाऊस’ या शब्दाचे हे संक्षिप्त रूप असून ‘सर्वांना खुले असलेले घर’ हा त्याचा मूळ अर्थ होय. हे घर बंद पडू लागले तेव्हा अनेक गावांतील रहिवाशांनी एकत्र येऊन, आपापली बचत घालून ते विकत घेतले आणि पुन्हा सुरू केले. गावाने पब वाचविला म्हणजे नेमके काय वाचविले, आणि ते कशाच्या बळावर वाचविले, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पबची सामाजिक भूमिका

पब ही केवळ मद्यविक्रीची जागा नाही, हे समाजशास्त्रीय अभ्यासांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेच्या निरीक्षकांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बोल्टन या कापडगिरण्यांच्या शहरातील पबमध्ये बसून नोंदी घेतल्या. त्यांवर आधारित ‘द पब अँड द पीपल’ हा ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. गप्पा, खेळ, पैजा, बचतमंडळे असे कितीतरी व्यवहार पबच्या आधाराने चालतात, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे १९८९ मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी घर आणि कामाचे ठिकाण यांव्यतिरिक्त माणसाला लागणाऱ्या ‘तिसऱ्या जागे’ची संकल्पना मांडली. इंग्रजी पब हे त्यांनी तिचे एक ठळक उदाहरण मानले.

खेड्यात या तिसऱ्या जागेचे मोल अधिक असते. शाळा पटसंख्येअभावी बंद होते, टपाल कार्यालय हलविले जाते, किराणा दुकान शहरातील सुपरमार्केटपुढे टिकत नाही. अशा गावात पब हीच अखेरची अशी जागा उरते, जेथे पूर्वनियोजनाशिवाय शेजारी शेजाऱ्याला भेटतो. एकटे राहणारे वृद्ध, नव्याने राहावयास आलेली कुटुंबे, क्रिकेट संघातील खेळाडू आणि शेतकरी हे सारे एका छताखाली येतात. पबला टाळे लागले की गावाची ओळख-पाळखच विरळ होऊ लागते.

२. पब बंद पडण्याची कारणे

ब्रिटिश बिअर अँड पब असोसिएशनच्या आकडेवारीनुसार १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सुमारे ६९ हजार पब होते. २०२३ पर्यंत ही संख्या ४६ हजारांच्या आसपास आली. या घसरणीस अनेक कारणे आहेत. मद्यपान करून वाहन चालविण्यावर १९६७ च्या कायद्याने श्वासचाचणीची जरब बसविली. त्याचा परिणाम दूरवरून मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकांवर अवलंबून असलेल्या ग्रामीण पबवर विशेषत्वाने झाला. सुपरमार्केटमधील स्वस्त बिअर, इंग्लंडमध्ये जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत लागू झालेली धूम्रपानबंदी आणि २०२० मधील करोना टाळेबंदी ही त्यानंतरची कारणे.

तथापि मालकीची रचना हे अधिक खोलवरचे कारण आहे. बहुसंख्य पब पूर्वी बिअर बनविणाऱ्या कंपन्यांच्या मालकीचे असत आणि भाडेकरू चालकाला त्याच कंपनीची बिअर घ्यावी लागे. ही मक्तेदारी मोडण्यासाठी १९८९ मध्ये सरकारने आदेश काढून मोठ्या उत्पादकांकडील बांधील पबच्या संख्येवर मर्यादा आणली. उत्पादकांनी हजारो पब विकले. परंतु ते स्वतंत्र चालकांकडे जाण्याऐवजी बहुतांशी कर्ज काढून उभ्या राहिलेल्या पब-कंपन्यांकडे गेले. कर्जाच्या ओझ्याखालील कंपनीच्या दृष्टीने गावातील पब ही मुख्यतः स्थावर मालमत्ता होती. सुंदर खेड्यातील जुन्या इमारतीला पब म्हणून जी किंमत येई, त्याहून अधिक किंमत ती राहते घर म्हणून विकल्यास येई. म्हणजेच चालविला तर चालू शकेल असा पबही बंद करणे मालकाला फायद्याचे ठरू शकत होते. गावकऱ्यांच्या चळवळीचा खरा संदर्भ हा आहे.

३. गावांचे प्रयोग

‘पहिला सामुदायिक पब’ हा मान कोणाचा, याविषयी एकाहून अधिक गावांचे दावे आहेत. हर्टफर्डशायरमधील प्रेस्टन या गावाने १९८० च्या दशकाच्या आरंभीच ‘रेड लायन’ हा आपला पब विकत घेतला. वेल्समधील लिन द्वीपकल्पावरील वेल्श भाषक गाव लिथफाएन येथील ‘तफार्न ए फिक’ १९८८ पासून गावाच्या मालकीचा आहे. जेथे दैनंदिन बोलण्यातूनच भाषा टिकते, तेथे गप्पांची जागा टिकविणे हे भाषासंवर्धनाचेही कार्य ठरते, हा या उदाहरणाचा विशेष.

सहकारी संस्थेच्या रीतसर चौकटीतील उदाहरण म्हणून कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट या गावातील ‘ओल्ड क्राउन’चा उल्लेख आवर्जून केला जातो. या पबच्या मागील बाजूस १९८८ मध्ये एक लहान बिअर-कारखाना सुरू झाला होता. तो १९९९ मध्ये सहकारी मालकीचा झाला आणि त्या अनुभवाच्या आधारे २००३ मध्ये पबही सहकारी संस्थेने घेतला. सुमारे सव्वाशे सभासदांनी प्रत्येकी १,५०० पौंड घालून हे भांडवल उभारले. गावाला आधी एक लहान सहकारी व्यवहार करून पाहता आला, मग मोठा करता आला, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

यॉर्कशायरमधील हडस्वेल हे जेमतेम काहीशे वस्तीचे गाव. तेथील ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’ हा एकमेव पब २००८ मध्ये बंद पडला. गावकऱ्यांनी संस्था स्थापन करून तो २०१० मध्ये विकत घेतला आणि जूनमध्ये पुन्हा उघडला. गावात दुकान उरले नव्हते, म्हणून पबच्या इमारतीतच स्वयंसेवकांनी चालविलेले छोटे दुकान सुरू झाले. त्याच्या जोडीस लहानसे ग्रंथालय आले आणि मागील जमिनीवर गावकऱ्यांसाठी भाजीपाल्याचे वाफे पाडण्यात आले. पारंपरिक बिअर व पब यांच्या रक्षणासाठी १९७१ पासून कार्यरत असलेल्या ‘काम्रा’ या ग्राहक संघटनेचा २०१६ चा राष्ट्रीय सर्वोत्कृष्ट पब हा सन्मान याच पबला मिळाला. मद्यविक्रीच्या उत्पन्नावर जे एकट्याने तगू शकत नव्हते, ते अनेक गरजांची एकत्र मोट बांधल्यावर तगले.

४. कायद्याने दिलेला अवधी

इमारत विक्रीस निघते तेव्हा विकसकाकडे रोख पैसा असतो. गावाकडे केवळ इच्छा असते. सभा घेणे, संस्था नोंदविणे, भाग विकणे यांस महिने लागतात. ही विषमता काही अंशी दूर करण्याचा प्रयत्न इंग्लंडमध्ये २०११ च्या स्थानिकता कायद्याने केला. स्थानिक संघटनेने मागणी केल्यास एखादी वास्तू ‘समुदायमूल्याची मालमत्ता’ म्हणून पाच वर्षांसाठी नोंदविण्याची तरतूद त्यात करण्यात आली. अशी वास्तू विक्रीस निघाल्यास गावाला सहा आठवड्यांत इरादा कळविता येई. तो कळविल्यास, विक्री निघाल्यापासून एकूण सहा महिन्यांपर्यंत मालकाला इतरांस विक्री करता येत नसे.

लंडनच्या नन्हेड भागातील ‘आयव्ही हाऊस’ हा या नोंदीत आलेला पहिला पब. २०१२ मध्ये बंद पडलेला हा पब रहिवाशांनी २०१३ मध्ये ८ लाख १० हजार पौंडांना विकत घेतला. रकमेचा मोठा भाग कर्ज व अनुदानातून आला, तर ३७१ भागधारकांनी भागभांडवल पुरविले. मात्र कायद्याने गावाला वेळ दिला, खरेदीचा हक्क दिला नाही. सहा महिन्यांनंतर मालक कोणालाही, कोणत्याही किंमतीस विकण्यास मोकळा होता. नियोजन परवानगीशिवाय पबचे दुकानात रूपांतर करण्याची वा तो पाडण्याची पळवाट २३ मे २०१७ पासून बंद करण्यात आली. जुलै २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात तर समुदायाला खरेदीचा अग्रहक्क व बारा महिन्यांचा अवधी देण्याचा प्रस्ताव करण्यात आला. चळवळीच्या मागणीचा रोख वेळेकडून हक्काकडे सरकत गेल्याचे यावरून दिसते.

५. भांडवल आणि कारभार

अशा संस्था बहुधा ‘समुदायहित संस्था’ या प्रकारात नोंदविल्या जातात. २०१४ च्या सहकारी व समुदायहित संस्था कायद्याने त्यांची आधुनिक चौकट निश्चित केली. सभासदाने कितीही भाग घेतले तरी त्याला एकच मत असते. भाग बाजारात विकता येत नाहीत. संस्थेची स्थिती पाहून ते दर्शनी किंमतीस परत घेतले जातात. व्याज मर्यादित असते आणि इमारतीची किंमत वाढली तरी तो लाभ सभासदाच्या खिशात जात नाही. भाग घेणारा गावकरी लाभांशाच्या आशेने येत नसल्यामुळेच इमारत पुन्हा सट्ट्याची वस्तू होत नाही.

दैनंदिन कारभाराच्या दोन पद्धती आढळतात. एकीत संस्था केवळ घरमालक असते व अनुभवी चालकाला पब भाड्याने देते. दुसरीत व्यवस्थापक व कर्मचारी संस्थाच नेमते. पहिलीत जोखीम कमी, दुसरीत नियंत्रण अधिक. या बाबतीत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थांत सर होरेस प्लंकेट यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेले प्लंकेट फाउंडेशन आणि २००१ मध्ये सुरू झालेला ‘पब इज द हब’ हा उपक्रम यांचा उल्लेख करावा लागेल.

६. मर्यादा

या चित्राला दुसरी बाजू आहे. हजार-पाचशे पौंड बाजूला काढू शकणारी, कायदा व हिशेब जाणणारी निवृत्त व्यावसायिक मंडळी ज्या गावात राहतात, तेथे हा प्रयोग तुलनेने सहज घडतो. ज्या गरीब वस्तीला अशा जागेची अधिक निकड असते, तिच्याकडे नेमके हेच बळ नसते. ही दरी भरण्यास बाहेरची मदत लागते. परंतु २०२१ मध्ये सुरू झालेला १५ कोटी पौंडांचा सरकारी सामुदायिक मालकी निधी डिसेंबर २०२४ मध्ये बंद करण्यात आला. शिवाय खरेदीच्या वेळचा उत्साह पुढे ओसरतो. छपराची दुरुस्ती, वाढते वीजबिल, चालक बदलणे ही कामे वर्षानुवर्षे त्याच चार-पाच स्वयंसेवकांच्या अंगावर पडतात. पब वाचविण्याइतकेच तो चालू ठेवणे कठीण असते.

७. महाराष्ट्राच्या संदर्भात

या प्रयोगामागील तत्त्व महाराष्ट्राला अपरिचित नाही. १८४४ मध्ये रॉचडेलच्या कामगारांनी घालून दिलेला ‘एक सभासद, एक मत’ हा दंडक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्येही आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी उभ्या राहिलेल्या साखर कारखान्याची उभारणीही शेतकऱ्यांच्या भागभांडवलातूनच झाली होती. मद्याविषयीची भूमिका मात्र उलट दिसते. महाराष्ट्रातील अनेक गावांत महिलांनी मतदानाने ‘बाटली आडवी’ करून दारूचे दुकान बंद पाडले. दारूने घरे उद्ध्वस्त झाल्याचा अनुभव गाठीशी असलेल्या स्त्रियांचा तो निर्णय होता, आणि पबच्या कौतुकात त्याचे महत्त्व झाकोळता कामा नये. दोन्हीकडे गाव एकच गोष्ट सांगत आहे : आपल्या वस्तीत कोणती जागा असावी, हे केवळ परवानाधारकाने वा मालमत्तेच्या बाजाराने ठरवू नये.

समारोप

हडस्वेल वा हेस्केट न्यूमार्केटच्या रहिवाशांनी बिअर वाचविली असे म्हणणे अपुरे ठरेल. ती सुपरमार्केटमध्ये मिळतच होती. त्यांनी एकत्र बसण्याची जागा वाचविली. त्यासाठी आपुलकी आवश्यक होती, पण पुरेशी नव्हती. विक्री थांबविणारा कायदा, नफ्याऐवजी उपयोगाला बांधलेले भांडवल आणि कंटाळा न करता हिशेब ठेवणारी माणसे, या तिन्हींचा मेळ जेथे बसला तेथे पबचे दार उघडे राहिले. बंद पडत चाललेली वाचनालये, व्यायामशाळा आणि नाट्यगृहे यांचा विचार करताना महाराष्ट्रातील अभ्यासकांना व कार्यकर्त्यांना या अनुभवातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.