फारकतीचं घोडं सातबाऱ्यावर अडतं

क्रिकेटपटू युजवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात सहमतीचा अर्ज दिला आणि २० मार्चला त्यांचा घटस्फोट मंजूरही झाला. ठरलेल्या पावणेपाच कोटींपैकी निम्मीच रक्कम दिली म्हणून कुटुंब न्यायालयानं अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत माफ करायला नकार दिला होता. उरलेला हप्ता हुकूमनाम्यानंतर द्यायचं दोघांत आधीच ठरलं होतं, हे पाहून उच्च न्यायालयानं ती माफ केली. चर्चा झाली ती या सहा महिन्यांचीच. पण ती सक्ती सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच सैल केली आहे. हा निकाल लवकर लागला, कारण रक्कम किती हा प्रश्न आधीच मिटला होता. शेतीवर जगणाऱ्या धाराशिवसारख्या जिल्ह्यात घोडं अडतं ते याच प्रश्नावर. नोकरदाराचं पगारपत्रक मागवता येतं. कळंब-वाशीच्या सोयाबीनवाल्याचं उत्पन्न कोर्टात सिद्ध कसं करायचं? तो म्हणतो शेत वडिलांच्या नावावर आहे, ती म्हणते ऊस आहे, आणि पुढची तारीख पडते.

याचं उत्तर कायद्यात आहे, आणि ते वापरलं जात नाही याची चीड यायला हवी. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेलं अंतरिम पोटगीचं एक प्रकरण सात वर्षं चाललं. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. इंदू मल्होत्रा यांच्या खंडपीठानं दोन्ही पक्षांना मालमत्तेचं शपथपत्र सक्तीचं केलं. शेतकऱ्यांसाठी त्यात वेगळा नमुना दिला आहे. जमीन किती, त्यात स्वतःचा हिस्सा किती, जिरायत की बागायत, वर्षात कोणती पिकं घेतली, बटईनं किती केली, गाई-म्हशी-शेळ्या किती, गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न काय, जमिनीवर कर्ज किती, असे प्रश्न त्यात आहेत. सातबारा वडिलांच्या नावावर असला तरी वडिलोपार्जित जमिनीतला मुलाचा हिस्सा इथं लपत नाही. उत्तरं पडताळणंही आता अवघड राहिलेलं नाही: ई-पीक पाहणीतली नोंद, कारखान्याचं ऊसबिल, आडत्याची पट्टी, डेअरीचा हिशेब, पीकविम्याचे बँकेत आलेले पैसे.

यावर आक्षेप येतो की शेतकऱ्याकडे खरोखरच काही उरत नाही. तो खोटा नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरात भूम-परांड्यातली उभी पिकं गेली, काही ठिकाणी मातीही वाहून गेली. पण कर्जाचा रकाना आणि तीन वर्षांचा हिशेब अशाच माणसाच्या बाजूनं बोलतो. एका चांगल्या वर्षावरून पोटगी ठरली तर तो बुडेल, आणि एका बुडीत वर्षावरून ठरली तर ती. दुसरा आक्षेप असा, की घटस्फोट आधी द्यावा, पैशाचं मागून पाहावं. हिंदू विवाह कायद्याचं कलम २५ तशी मुभा देतंही. मात्र हुकूमनामा हाती पडल्यावर हिशेब द्यायची घाई ज्याला उरत नाही, त्याच्या मागे माहेरी राहणाऱ्या बाईनं किती तारखा फिरायचं? गोव्यात लग्नाबरोबर मालमत्तेत निम्मा वाटा येतो. महाराष्ट्रात तसा आधार तिला नाही. पतीच्या स्थावर मालमत्तेत वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि पुढे लोकसभेत बारगळलं. म्हणून थकून ती मिळेल त्या एकरकमीवर सही करते, आणि कागदोपत्री तीही ‘सहमती’ ठरते.

शपथपत्रांचा आदेश पाळला जात नाही, हे पाहून सर्वोच्च न्यायालयानंच नोव्हेंबर २०२३ मध्ये तो पुन्हा बजावला. उत्तरासाठी चार आठवडे, अंतरिम पोटगीसाठी चार ते सहा महिने, अशी मर्यादा २०२० च्याच निकालात आहे. शपथपत्रासाठी दोनपेक्षा जास्त वेळा तारीख मागणाऱ्याचा बचाव काढून टाकायचा अधिकारही न्यायाधीशाला आहे. धाराशिवच्या कोर्टांनी तो तिसऱ्या तारखेला वापरावा.