अंड्याचे कवच आणि हाडांची भर

निपाणी परिसरातील श्रोत्यांना चुन्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. तंबाखूच्या डबीत त्याचे स्थान वंशपरंपरेने ठरलेले आहे. उकिरड्यावर फेकले जाणारे अंड्याचे कवच हे सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच होय. ते ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजले की कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. आपल्याकडील चुनाभट्टीत घडते ते हेच. या चुन्याचा फॉस्फेटशी योग्य प्रमाणात संयोग घडविला की हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट तयार होते. हाडांतील खनिज याच जातीचे असल्यामुळे शरीर त्याला परके मानीत नाही आणि त्याच्या आधाराने नवे हाड वाढू लागते.

निसर्ग हेच काम भट्टीवाचून करतो. एकवीस दिवसांत बाहेर येणाऱ्या पिलाच्या सांगाड्यातील बहुतांश कॅल्शियम कवचातूनच विरघळून आलेले असते!

आयुर्वेदाने कुक्कुटांडत्वक् भस्म फार पूर्वीपासून वापरले. ते करताना कवचाच्या आतील पातळ पापुद्रा काढून टाकतात. गंमत अशी की, पुढे हा टाकाऊ पापुद्राच शल्यचिकित्सकांच्या कामी आला. त्यात कोलॅजनच्या तंतूंचे जाळे असते. जखमेवर पसरला असता तो ओल धरून ठेवतो. जपानमध्ये १९८२ साली जैविक आवरण म्हणून त्याचा अनुभव प्रसिद्ध झाला. तैवानमध्ये २००३ साली, त्वचारोपणासाठी जेथून कातडी काढली त्या जागेवर तो वापरल्याचे वृत्त आले.

आपल्या दृष्टीने मला अधिक मोलाचा वाटतो तो गुंटूरचा प्रयोग. वरच्या जबड्यातील द्रवाची गाठ काढल्यावर उरलेली पोकळी तेथील दंतशल्यविशारदांनी कवचापासून केलेल्या हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटने भरली व २०१४ साली त्याचा प्राथमिक अहवाल दिला. बाजारातील आयात भरणद्रव्ये महाग असतात. येथे कच्चा माल जवळजवळ फुकट मिळतो.

तथापि, मर्यादाही सांगितली पाहिजे. ही पूड लहान पोकळी भरते, भार पेलू शकत नाही. तंबाखूमुळे झालेल्या कर्करोगात जबड्याचा मोठा भाग काढावा लागतो, तेव्हा पायातील बारीक नळीचे हाड रक्तवाहिन्यांसह आणून बसवावे लागते. तेथे कवचाचा इलाज नाही. शिवाय स्वयंपाकघरातील कच्च्या कवचावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून घरी कुटलेली पूड अथवा सोललेला पापुद्रा जखमेवर कोणीही लावू नये.