भरती पाहून सुटणारी आगबोट

इंग्लंड आणि वेल्स यांच्यामध्ये शिरलेल्या ब्रिस्टल खाडीत भरती-ओहोटीच्या पाण्यातला फरक १४ मीटरपर्यंत जातो. सकाळी धक्क्याला टेकलेले पाणी दुपारी चिखल उघडा टाकून निघून जाते. त्यामुळे व्हिक्टोरियन काळात इथल्या सहलीच्या आगबोटींचे वेळापत्रक रोज बदलत असे.

पीटर आणि अ‍ॅलेक कॅम्पबेल या स्कॉटिश भावांची ‘वेव्हरली’ १८८७ मध्ये इथे आली. पुढे ‘वेस्टवर्ड हो’ (१८९४), ‘केंब्रिया’ (१८९५) आणि ‘ब्रिटानिया’ (१८९६) या मोठ्या बोटी त्यांनी खास या खाडीसाठी बांधून घेतल्या. ब्रिस्टल, कार्डिफ, क्लीव्हडन, इल्फ्राकूम अशा धक्क्यांवर माणसे उतरवत-चढवत त्या दिवसभर फिरत.

बोटीच्या दोन्ही कुशींना एकेक मोठे चाक असे. चाकाच्या फळ्या दांड्यांनी अशा जोडलेल्या असत, की पाण्यात शिरताना आणि बाहेर पडताना त्या जवळजवळ उभ्याच राहत. पाणी नुसते उडण्याऐवजी मागे रेटले जाई. या बोटींचा तळ फार खोल नसे आणि चाके उलटी फिरवली की बोट चटकन थांबे. दिवसातून अनेक धक्के गाठणाऱ्या बोटीला हेच हवे होते.

अडचण गर्दीची होती. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली. धक्का दिसताच प्रवासी एका बाजूला धावले, की बोट कलंडे. एक चाक खोल बुडे, दुसरे अर्धे हवेत फिरे आणि सुकाणू सांभाळणे जड जाई.

मधल्या डेकवरून इंजिन उघडे दिसे. तेलाने चकाकणारे लोखंडी दांडे मागेपुढे होताना पाहायला मुलांइतकेच मोठेही कठड्याला रेलून उभे राहत. डेकखाली भट्टीवाले फावड्याने भट्टीत कोळसा लोटत.

कमाईचे दिवस उन्हाळ्यापुरतेच. हिवाळ्यात बोटी गोदीत उभ्या राहत. रंगरंगोटी आणि दुरुस्ती तेव्हाच उरके.

दोन्ही महायुद्धांत नौदलाने या बोटी ताब्यात घेऊन सुरुंग काढण्याच्या कामाला लावल्या. उथळ तळ तिथेही उपयोगी पडला. शांततेच्या काळात त्या पुन्हा सहलींना लागल्या. पण हळूहळू रेल्वेबरोबर मोटारी आणि बसही प्रवासी पळवू लागल्या. ‘ब्रिटानिया’ १९५६ मध्ये मोडीत निघाली.